दाताच्या एक्स-रेला घाबरू नका, पण फिल्म धरायला जवळ उभं राहू नका

ठाकुरवाडी (कर्जत), वार्ताहर : दाढ दुखायला लागली की आपल्या वाडीत आधी लवंग, मग मिश्री, मग मेडिकलवरची गोळी. गाल सुजला की मग नेरळ नाहीतर कर्जत. तिथं डॉक्टर म्हणतात एक्स-रे काढू, आणि आपला माणूस खुर्चीतून उठायला बघतो. "किरणं डोक्यात जातात, नुसती उपटा" असं सांगणारे मी स्वतः पाहिलेत.

पण दात बाहेर दिसतो तेवढाच नसतो. मूळ हाडात असतं. दोन दाढांच्या फटीतली कीड, मुळाशी साठलेला पू, वाकडं मूळ हे आरशात दिसत नाही. एक्स-रेत कठीण वस्तू पांढरी दिसते, मऊ किंवा पोकळ झालेली काळी. म्हणून भरलेली चांदी पांढरीशुभ्र आणि कीड काळी. फोटोशिवाय दाढ काढणं किंवा रूट कॅनल करणं म्हणजे पाणी न बघता बोअर मारण्यासारखं.

आता किरणांचं. माती, खडक, आकाश, आपलं खाणं यातून प्रत्येकाला किरणं मिळतातच. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. मिलिसिव्हर्ट हे किरणं मोजायचं माप. दाताच्या एका छोट्या फोटोत साधारण ०.००५, म्हणजे शेतात एक दिवस राहून मिळतात तेवढीच, किंवा थोडी कमीच. पूर्ण जबड्याच्या ओपीजीत काही दिवसांइतकी. सीबीसीटी नावाच्या स्कॅनमध्ये मात्र बरीच जास्त, तेव्हा तो कशासाठी हे विचारून घ्या. मशीन बंद झालं की किरणंही बंद, बॅटरी विझल्यासारखी. अंगात काही उरत नाही.

मग डॉक्टर बाहेर का जातात? पेशंटचा फोटो वर्षातून एखादा, त्यांचे दिवसातून कितीतरी. शेकोटीपासून लांब गेलं की धग कमी होते, तसंच इथं. अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाईवर येतात. दोन मीटर लांब किंवा भिंतीआड उभं राहिलं तरी खूप फरक पडतो.

इथंच आपल्याकडे चूक होते. माझ्या मुलाच्या दाढेचा फोटो काढताना एका दवाखान्यात बायकोला सांगितलं, "ताई, फिल्म बोटानं दाबून धरा." तिनं धरली. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. एका वेळेनं काही झालं नाही, होणारही नव्हतं, पण पद्धत चुकीची. फिल्म होल्डरमध्ये बसवायची, नाहीतर पेशंटनंच धरायची. दवाखान्यातल्या माणसानं तर रोज कधीच नाही. अमेरिकेतले एडमंड केल्स हे दाताच्या एक्स-रेचे सुरुवातीचे डॉक्टर. वर्षानुवर्षं किरणांत हात घालून काम केल्यानं त्यांची बोटं गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये ते वारले. तेव्हाची मशीनंही तशीच. १८९६ मध्ये जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाताचा फोटो काढला तो २५ मिनिटं तोंडात काच धरून. आता सेकंदापेक्षा कमी लागतं.

पोटुशी बाईनं आधीच सांगावं. थांबण्यासारखं असेल तर डॉक्टर थांबतात. पण पू झाला असेल तर फोटो टाळून दुखणं अंगावर काढू नये. किरणांचा रोख जबड्यावर असतो, पोटावर नाही.

एक्स-रे मशीन ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. परवानगी आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. हललात तर फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणून तेवढा क्षण श्वास रोखून बसा.

आणि जुना फोटो फेकू नका. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तोच दाखवा. फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो. तो घरी आला तर पोरांच्या खेळण्यात किंवा चुलीत जाऊ देऊ नका, दवाखान्यातच परत द्या.