ध्यानाने जग बदलते का?

नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक टेकडीवर ‘धम्म विपुल’ हे विपश्यना केंद्र आहे. येथील दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळतात आणि प्रथम आनापान शिकतात. आनापान म्हणजे आपल्या नैसर्गिक श्वासाकडे नुसते लक्ष देणे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आणलेल्या या पद्धतीचे मोठे केंद्र १९७६ मध्ये इगतपुरीला उभे राहिले. पुढे महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रमा’तून आनापान शाळांमध्येही नेले. त्यामुळे वर्गातली दहा मिनिटे ध्यानाला द्यावीत का, हा प्रश्न आता शिक्षकांपुढेही आहे.

‘माणसे शांत झाली की जग शांत होईल’ असे आपण ऐकतो. या वाक्यात दोन निरनिराळी विधाने आहेत. एक, ध्यानामुळे ध्यान करणाऱ्या व्यक्तीत बदल होतो. दोन, त्याचा परिणाम ध्यान न करणाऱ्या, दूरच्या माणसांवरही होतो. या दोहोंची परीक्षा वेगवेगळी घ्यायला हवी.

पहिल्या विधानाला काही आधार आहे. २०१४ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ध्यानाने चिंता, खिन्नता आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, असे त्यात दिसले. मात्र व्यायाम किंवा औषधे यांसारख्या इतर उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही.

दुसऱ्या विधानाचे गाजलेले उदाहरण १९९३ सालचे आहे. त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन शहरात सुमारे चार हजार लोकांनी एकत्र भावातीत ध्यान केले. ही पद्धत विपश्यनेहून वेगळी आहे. हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले, असा दावा आयोजकांनी केला. पण ही घट कशाच्या तुलनेत? तापमान वगैरे घटकांवरून गणिताने काढलेल्या अपेक्षित आकड्याच्या तुलनेत! अंदाज चुकला तर घटही चुकणार. शिवाय शहर एक आणि उन्हाळाही एकच. एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

मग शाळांचे काय? ब्रिटनमध्ये सुमारे ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. कोणत्या शाळेत सजगतेचे धडे द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरवले होते. २०२२ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावही केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेतले वातावरण थोडे सुधारले. जगात बदल होत असेलच तर तो असा, जवळच्या माणसांच्या वागण्यातून होत असावा.

आपल्या शाळेतही एक छोटा प्रयोग करता येईल. ज्या मुलांना हौस आहे त्यांनाच ध्यानाला बसवले, तर ती मुळातच शांत असण्याची शक्यता राहते. म्हणून तयार असलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाने दहा मिनिटे आनापान करावे, दुसऱ्याने तेवढाच वेळ मूक वाचन. महिनाभर मधल्या सुट्टीतील भांडणांची नोंद ठेवावी. नोंद ठेवणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसावे. पालकांची संमती घ्यावी, सक्ती करू नये आणि कोणी अस्वस्थ झाल्यास त्याला लगेच थांबू द्यावे.

आकडे काहीही येवोत, ते फळ्यावर जसेच्या तसे लिहावेत. ‘फरक पडला नाही’ हेही उत्तरच आहे. आणि फरक पडला, तरी एका वर्गावरून साऱ्या जगाविषयी बोलता येत नाही, हेही मुलांना तिथेच समजावता येईल.