काउंटर नंबर दोन

सकाळी 8.30
शर्टाला बिल्ला लावत होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आज पुन्हा समाजवाद?" ती हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करते. युनियन नाही, रात्री अकराची मीटिंग मात्र चुकत नाही. बिल्ल्यावर नेहमीचंच : रिकाम्या जागा भरा, पाच दिवसांचा आठवडा करा. मी डबा उचलला.

9.50
सांगोला. शाखेचं शटर वर. टेंपररी शिपायाने झाडून, पाणी भरून, काल रात्रीचे चहाचे कपही विसळून ठेवलेत. अकरा वर्षं रोजंदारीवर आहे.

10.15 ते 1.30
मंजूर जागा चार, काउंटरवर आम्ही दोघं. रांग दारापर्यंत, बहुतेक बायका. लाडकी बहीणचे दीड हजार आले का, आधार लिंक आहे का, अंगठा का उमटत नाही. शेजारी खासगी बँकेची काचेची शाखा आहे, थंडगार. "तिकडच्या पोरानं सांगितलं, सरकारी ब्यांकेत जावा," एक मावशी म्हणाल्या. शून्य शिलकीच्या खात्यात कमाई नसते, पोराचंही चुकलं नाही.

युनियनच्या अधिवेशनात मी यावर छान बोलतो. 19 जुलै 1969 ला 14 बँका सरकारच्या झाल्या, 1980 ला आणखी 6. त्याआधी बँक म्हणजे गिरणीवाले आणि व्यापारी, शेतकऱ्याला सोसायटी नाहीतर सावकार. टाळ्या पडतात. मावशींना पासबुक भरून हवं होतं, आणि प्रिंटर चार दिवस बंद आहे.

मागून एक आजोबा पुढे आले. गणपतराव आबांच्या काळातले, लाल बावट्याचे. आबा इथून अकरा वेळा आमदार झाले. आजोबांनी त्यातल्या किती निवडणुकांना सायकल मारली ते मला दरवेळी ऐकावं लागतं. पीक कर्जाचा फॉर्म भरताना पेन ओढून म्हणाले, "बँक आमची म्हणताय, मग ह्ये दोरीनं कशाला बांधलंय?" रांग हसली. मीही हसलो, पण दोरी सोडली नाही.

1.45
डबा. नवा ऑफिसर 2010 नंतरचा, म्हणजे जुनी पेन्शन नाही. त्यामुळे युनियनवर त्याचा जुना रागही आहे. "2017 साली सरकारनं बँकांसाठी 2 लाख 11 हजार कोटींचं भांडवल जाहीर केलं. पैसे करदात्यांचेच ना?" मी म्हटलं, कर्जं बुडवली ती बड्यांनी, मावशींनी नाही. शिवाय 2020 मध्ये येस बँक बुडायला आली, तेव्हा सावरायला स्टेट बँकच पुढे झाली. "म्हणजे नफा त्यांचा, तोटा आपला? मग हा कुठला समाजवाद?" त्याने लोणचं पुढे केलं. माझ्याकडे आमच्याच बँकेचे शंभर शेअर आहेत आणि भाव मी रोज बघतो, हे त्याला सांगितलं नाही.

4.30
कॅश जुळली.

5.45
गेट मीटिंग. आम्ही सात जण. 2021 च्या अर्थसंकल्पात आयडीबीआयखेरीज आणखी दोन सरकारी बँका विकायची घोषणा झाली, तेव्हा मार्चमध्ये दोन आणि डिसेंबरमध्ये दोन दिवस संप केला. चार दिवसांचा पगार गेला, त्या दोन बँकांची विक्री मात्र पुढं सरकली नाही. हे मी अभिमानाने सांगतो. कामगार एकजुटीचा विजय असो! बॅनर लांब, माणसं कमी. एक टोक शिपायाने धरलं. घोषणेला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

6.20
वर्गणीच्या यादीवर खुणा करत होतो. शिपायाने विचारलं, "साहेब, आमचं नाव कधी येणार यात?" यादी कायम नोकरांची. पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणालो. गेल्या दिवाळीतही हेच म्हणालो होतो, दोघांनाही आठवत होतं.

त्याने बॅनरची नीट घडी करून माझ्या कपाटात ठेवली, दिवे घालवले, शटर ओढलं. मग थांबला. आजच्या रोजाच्या व्हाउचरवर मॅनेजरसाहेबांची सही राहिली होती. शटर पुन्हा अर्धं वर केलं, वाकून आत गेला.