लेकराच्या डॉक्टरकीसाठी वावर काढण्याआधी

नीटचा निकाल जूनमध्ये लागतो. तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात एक तर मृग बरसलेला असतो, नाही तर सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. कापूस-सोयाबीनच्या बियाण्याला पैसा लागतो आणि त्याच आठवड्यात घरातलं लेकरू खाली मान घालून सांगतं, "बाबा, सरकारी कॉलेजला मार्क कमी पडले." मग आठ दिवसांत एजंटाचा फोन येतो, "परदेशातल्या जागा भरत आल्यात, दोन लाख भरून सीट पक्की करा."

विस्तार अधिकारी म्हणून माझं काम बी-बियाण्याचं आणि खता-फवारणीचं. पण हल्ली बांधावर हमखास विचारलं जातं, "साहेब, दोन एकर काढू का? पोराला बाहेर डॉक्टरकीला पाठवायचंय." वाचकहो, याचं एका शब्दात उत्तर नाही. मात्र पेरणीआधी खर्चाचा हिशेब मांडतो तसा इथंही मांडता येतो. प्रवेश म्हणजे नुसती पेरणी. भारतात प्रॅक्टिसचा परवाना हातात पडेल तेव्हाच माल घरात आला म्हणायचं. हिशेब तिथपर्यंतचा धरा.

पहिल्या यादीवर खचू नका

पहिल्या फेरीत नाव नाही म्हणजे दार बंद झालं, असं नाही. राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्या पुढे काही महिने चालतात आणि शेवटी रिकाम्या राहिलेल्या जागांची फेरीही होते. २०२० मध्ये ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द झाला. तेव्हापासून मराठवाड्याच्या मुलाला मुंबई-पुण्याच्या जागाही गुणवत्तेवर खुल्या आहेत. म्हणून पसंतीक्रमात एकटं अंबाजोगाई आणि लातूर लिहून थांबू नका, यादी लांबलचक भरा. जवळच्या जागाही वाढल्या आहेत. धाराशिवला २०२२ मध्ये, परभणीला २०२३ मध्ये, तर जालना आणि हिंगोलीला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आपल्याकडची मुलं मार्कापेक्षा कागदापायी जास्त अडतात. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, रहिवास ही प्रमाणपत्रं निकालानंतर काढायला गेलात तर वरातीमागून घोडं. मुलगा अकरावीत असतानाच जातवैधतेचा अर्ज टाका.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून लेकीला परदेशी पाठवायला निघालेल्यांनी आधी हा कागद वाचावा.

आणखी एक वर्ष द्यावं का?

नीट किती वेळा द्यावी याला बंधन नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये निघाली. पण अट नाही म्हणून वर्षामागून वर्ष जाळायचं का? गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा आपल्या प्रवर्गाचा कटऑफ काढा आणि मुलाच्या मार्कांशेजारी ठेवा. अंतर तीस-चाळीस मार्कांचं असेल तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे. दीडशे-दोनशेचं असेल, तर लातूरला आणखी एक खोली भाड्याने घेण्याआधी मुलाशी मोकळं बोला. त्याला खरंच डॉक्टर व्हायचंय की पाहुण्यारावळ्यांत आपलीच मान वर व्हायचीय, हेही त्यात विचारून घ्या.

लेबल वाचल्याशिवाय पिशवी फोडू नका

आपण बियाण्याची पिशवी घेताना लेबल आणि लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो. परदेशातल्या कॉलेजचंही तसंच आहे. २०१८ पासून बाहेर शिकायलाही नीट पात्र व्हावंच लागतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम कडक केले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत पूर्ण झालेला हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. तिथली पदवी त्या देशात प्रॅक्टिस करायला चालणारी हवी. यातली एक अट चुकली तरी इथं नोंदणी नाही. फिलिपिन्सच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा घोळ याच ५४ महिन्यांवरून झाला.

आणि "आयोगाने मान्यता दिलेलं कॉलेज" असं जाहिरातीत दिसलं की सावध व्हा. आयोग परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढतच नाही.

शिकून परत आल्यावर चाळणी परीक्षा असते. ती २००२ पासून सुरू आहे. वर्षातून दोनदा होते आणि ३०० पैकी १५० मार्क लागतात. जून २०२४ मध्ये साधारण पाचातला एक पास झाला, डिसेंबर २०२४ मध्ये शंभरातले तीसच्या आत. पास झाल्यावर इथं आणखी वर्षभराची इंटर्नशिप आहेच. बाहेर शिकून पहिल्याच फटक्यात पास होणारी कष्टाळू मुलंही आहेत, ते नाकारून चालणार नाही. पण जी चार-चार वेळा बसतात, त्यांचा घरखर्च एजंटाच्या हिशेबात नसतो.

डॉलरही नसतो. जानेवारी २०१८ मध्ये डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, २०२२ संपताना ८२ च्या पुढे गेला. चार हजार डॉलरची फी २ लाख ५६ हजारांवरून सव्वातीन लाखांच्या वर गेली, तीही कॉलेजने एक पैसा न वाढवता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणावे लागले, त्यात बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी होते. त्यांना इथल्या कॉलेजांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, असं केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. तेव्हा तो देश शांत आहे का, हेही लेबलावरच वाचायचं.

पैसा कुठून आणायचा?

सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे लागतं, आणि इथंच शेतकरी अडतो. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमीन जप्त करता येत नाही, म्हणून मोठ्या कर्जाला ती तारण घ्यायला बँका सहसा राजी होत नाहीत. मग माणूस सावकाराकडे वळतो. बिनपरवाना सावकाराला जमीन लिहून देऊ नका. दिली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

आपल्या जिल्ह्यात उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या कोयत्याला उचल म्हणजे काय हे सांगायला नको. लेकराच्या शिक्षणासाठी घेतलेली उचलही तशीच फिटेपर्यंत पाठ सोडत नाही.

शेजारच्या वाटाही बघा

नीटच्याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश होतात. पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीला आहे, उदगीरलाही आहे. गोठ्यात गाय अडली की रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरणाऱ्यांना त्याची किंमत मी सांगायला नको.

तेव्हा मंडळी, वहीचं एक पान घ्या. सगळ्या फेऱ्या संपल्या का? कटऑफपासून अंतर किती? ५४ महिने आणि इंटर्नशिपचा कागद डोळ्यांनी पाहिला का? चाळणी परीक्षेत एक-दोन वर्षं गेली तर घर चालेल का? जमीन विकली तर मागे राहिलेल्या भावंडांचं काय? ही उत्तरं लेकराला शेजारी बसवून त्याच्याच हाताने लिहून घ्या. पान भरेपर्यंत एजंटाला थांबायला सांगा आणि सातबारा पेटीत राहू द्या.