मालेगावचा सुपरमॅन

सुपरमॅन म्हटलं की उंचापुरा, पिळदार शरीराचा नायक डोळ्यांसमोर येतो. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या डॉक्युमेंटरीतला सुपरमॅन मात्र अगदी किडकिडीत आहे. त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. खऱ्या आयुष्यात तो यंत्रमागावर काम करतो. नाव शफीक शेख.

नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते दंगली, बॉम्बस्फोट आणि यंत्रमागांसाठी. आठवडाभर मागांचा खडखडाट, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा. या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरने सिनेमे दाखवता दाखवता स्वतःच सिनेमा बनवायला घेतला. फिल्म इन्स्टिट्यूटचं तोंड न पाहता, दोन व्हीसीआर जोडून तो एडिटिंग शिकला. त्याचा 'मालेगाव के शोले' गावाने डोक्यावर घेतला. पुढचं स्वप्न होतं उडणारा सुपरमॅन!

पण उडवायचं कसं? हिरव्या पडद्यासमोर शूटिंग करून, कॉम्प्युटरवर तो हिरवा रंग काढून तिथे आकाश बसवायचं, हे तंत्र नासिरला कळलेलं असतं. मग ट्रकच्या बाजूला हिरवं कापड बांधलं जातं. कॅमेरा धावता हवा तर सायकल आहे, वर उचलायचा तर बैलगाडी आहे. एकदा तर एकुलता एक कॅमेराच पाण्यात पडतो. मध्येच सुपरमॅनचं लग्न निघतं. नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, कारण इथल्या बायका सिनेमात काम करत नाहीत. ही गोष्ट डॉक्युमेंटरीत ओझरती येऊन जाते. मला मात्र त्यावर आणखी ऐकायचं होतं.

सुरुवातीला मी खूप हसले. मग लेखक फरोग जाफरी मुंबईबद्दल बोलू लागतो आणि हसू ओसरतं. मुंबई काही सातासमुद्रापार नाही, एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तरी तिथे लेखक म्हणून पोहोचायला त्याची कितीतरी वर्षं वाट पाहण्यात गेलीत. फैजा यांचं मोठेपण हे की त्यांचा कॅमेरा या माणसांची कीव करत नाही आणि थट्टाही करत नाही. नासिर शॉटसाठी जेवढा हट्ट धरतो, तेवढ्याच गांभीर्याने त्या त्याच्याकडे पाहतात.

याच मित्रांवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बनवला. २०२५ मध्ये तो थिएटरमध्ये आला. आदर्श गौरव नासिर झालाय, तर शशांक अरोरा शफीक. तो जरूर पाहा, पण आधी मुलांना घेऊन डॉक्युमेंटरी बघा. जेमतेम तासाभराची आहे. त्यात खरा शफीक आहे. २०१२ मध्ये ती आपल्याकडे थिएटरमध्ये लागली, तोवर कर्करोगाने त्याला नेलं होतं. पडद्यावर मात्र तो अजून हात पुढे करून, मालेगावच्या घरांवरून उडतोय.