येळवस यंदा ११ दिवस आधी, पेरणी मात्र उशिरा. भज्जीच्या कढईत काय पडणार?

येत्या शुक्रवारी, १९ डिसेंबरला मार्गशीर्ष अमावस्या आहे. पुण्या-मुंबईत ही कॅलेंडरवरची एक साधी अमावस्या. लातूर, धाराशिवमध्ये मात्र त्या दिवशी बाजारपेठ ओस आणि शिवार गजबजलेलं असतं. कागदोपत्री वेळ अमावस्या, बोलीत येळवस. शनिवार-रविवार जोडून आल्याने नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्यांना मुलाबाळांसह तीन दिवस गावी काढता येतील. गेल्या वर्षीही येळवस सोमवारी, ३० डिसेंबरला आल्याने असाच योग जुळला होता.

यंदा फरक आहे तो शेतात. तो समजण्यासाठी आधी हा सण काय आहे, ते पाहू.

नाव आलं कुठून?

लातूर, धाराशिवसह सोलापूर, नांदेड, बीडचा काही भाग आणि सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी हा येळवसीचा पट्टा. त्यामुळे नावातही कानडी आहे. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात. पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजली तर मार्गशीर्षातली अमावस्या सातवी येते, म्हणून एळ अमावस्या आणि पुढे वेळ अमावस्या, असं सांगितलं जातं. कर्नाटकात याच दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात आणि तिथे ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. सात की तीळ, हा वाद कोपीत बसून भज्जी खाताना घालायला उत्तम.

कोपी म्हणजे कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर एकत्र बांधून केलेली खोप. आत पाच दगड मांडतात, त्यांना चुना आणि काव लावतात. हे पांडव. शेजारी लक्ष्मी. पूजा झाली की घरातला एक जण आंबील शिंपडत पिकातून फिरतो, मागून बाकीचे आरोळी देत जातात. मग पंगत.

कढईत काय काय?

येळवसीची खरी ओळख म्हणजे भज्जी. नाव ऐकून कांदाभजी डोळ्यांसमोर आणू नका. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, पावटा, भुईमुगाचे दाणे, गाजर, वांगी, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात असं शिवारात जे हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवतात. त्यात चिंच, हिरवी मिरची, भरपूर लसूण आणि दाटपणासाठी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. सोबत ज्वारीचे आणि सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, आंबट भात आणि गूळ घातलेली गव्हाची खीर. मडक्यातली आंबील ताकात ज्वारीचं पीठ कालवून, आंबवून केलेली असते. दुपारच्या उन्हात ती दोन-तीन तांबे सहज रिचते आणि नंतर झोपही आणते. सोलणं-निवडणं आदल्या दिवशीच सुरू होतं, बायका पहाटेपासून चुलीपुढे असतात. सणाच्या कौतुकात हे काम सहसा मोजलं जात नाही.

यंदा वेगळं काय?

भज्जीतले मुख्य दाणे अजून उभ्या असलेल्या पिकांतून येतात. त्यामुळे येळवस नेमकी कधी येते आणि पीक तेव्हा किती दिवसांचं असतं, याला महत्त्व आहे. गेल्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात गेलं, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. वाफसा न आल्याने अनेक ठिकाणी रब्बीची पेरणी लांबली.

आता हिशेब करा. हरभरा १५ ऑक्टोबरला पेरला असेल, तर १९ डिसेंबरला तो ६५ दिवसांचा होतो आणि घाटे भरायला लागलेले असतात. तोच १० नोव्हेंबरला पेरला असेल, तर जेमतेम ३९ दिवसांचा, म्हणजे फुलावर येण्याच्या बेतात. त्यात येळवस गेल्या वर्षीपेक्षा ११ दिवस आधी. ज्वारीचंही तेच. वेळेत पेरलेली ज्वारी या सुमारास पोटरीत किंवा कणसावर असते, उशिराची गुडघ्याच्या थोडी वर. तूर मात्र जूनमध्ये पेरलेली. पाणी साचून उभळली नसेल, तर तिच्या शेंगा मिळतील. तेव्हा ज्यांच्या शेतात पेरणी मागे पडली, त्यांच्या भज्जीत यंदा सोलाणे बाजारातून आणलेले असतील.

कडब्याची गोष्ट याहून जुनी आहे. खरिपात सोयाबीन आणि त्यामागे हरभरा, हे चक्र लातूर भागात पक्कं बसलं, तशी ज्वारी मागे पडत गेली. सोयाबीनला निदान बाजार आहे. ज्वारीची काढणी-मळणी कष्टाची आणि मजूर मिळत नाहीत. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. पण ज्वारी नाही तर कडबा नाही. मग पाच-सहा पेंढ्या शेजारच्या शिवारातून मागून आणायच्या, नाहीतर कापडाचा आडोसा करायचा.

शेत नसेल तर?

तरीही जाता येतं. ज्यांना जमीन नाही त्यांना ओळखीचे शेतकरी आवर्जून बोलावतात; बांधावरून जाणाऱ्यालाही पंगतीत बसवतात. हे जेवण विकत मिळणारं पॅकेज नाही, म्हणून आमंत्रण आलं तर पैशांची भाषा नको. मुलांसाठी काहीतरी घेऊन जा, सोलायला हात लावा. उभ्या पिकातून चालताना सरीतून चाला. शेंगा तोडण्याआधी विचारा. पाण्याच्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पत्रावळ्या परत न्या, जनावरं तिथेच चरतात.

शक्य असेल तर अंधार पडेपर्यंत थांबा. संध्याकाळी चुलीवर दूध उतू घालवतात आणि ते कोणत्या दिशेला सांडलं, त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात. हवामान खात्याशी त्याचा संबंध नाही, पण सगळे वाकून बघतात. मग हेंडगा, म्हणजे कडब्याची पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी घातली जाते.

यंदा जमलं नाही, तर मोठी प्रतीक्षा आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक महिना येतो, त्यामुळे पुढची मार्गशीर्ष अमावस्या थेट जानेवारी २०२७ मध्ये पडते. म्हणजे २०२६ या कॅलेंडर वर्षात येळवसच नाही.