पत्र्यावरचा पाऊस आणि मागच्या बाकावरचं मूल

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी शाळा सुगम करायची म्हटलं की आपल्याकडे आधी रॅम्प बांधतात. तो हवाच. पण विंझरसारख्या गावात, भोर-वेल्ह्याच्या या पावसाळी पट्ट्यात, विचार छपरापासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. पहिलीतलं मूल अक्षरं शिकतं ते नेमकं याच महिन्यांत. वर्गावर पत्रे असतील तर प्रत्येक थेंबाने पातळ पत्रा थरथरतो आणि ताशाच्या कातड्यासारखा खालची हवा हलवतो. पूर्वीची जड कौलं इतकी थरथरत नसत. दरवर्षी कौलं चाळायची कटकट मिटली, पण तिच्याबरोबर वर्गातली शांतताही गेली.

नेहमीच्या आवाजात बोलणाऱ्या शिक्षकांचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चार मीटरवर ४८. खोलीत भिंतींवरून परतणारा ध्वनी ही घट काहीशी भरून काढतो, पण तोच घुमत राहिला तर शब्द एकमेकांत मिसळतात. मुलांना बोलणं नीट कळण्यासाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटाच्या सुमारे १५ डेसिबल वर असावा, अशी ध्वनितज्ज्ञांची शिफारस आहे. मुसळधार पावसात पत्र्याखाली हे गणित उलटंच होतं. मोठी माणसं हुकलेला शब्द संदर्भावरून जुळवून घेतात. भाषा अजून शिकत असलेल्या मुलाकडे ते भांडवल नसतं. शिवाय बोलण्यातला जोर स्वरांत असतो, व्यंजनं क्षीण असतात. ‘घरात’ की ‘घरास’, हे वाक्याच्या ओघात पुसट होणाऱ्या एका व्यंजनावर ठरतं आणि पाऊस आधी तेच गिळतो.

आता ज्याला मुळात कमी ऐकू येतं, त्या मुलाचा विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यानुसार दोन्ही कानांची श्रवणक्षमता ६० ते ७० डेसिबलने घटलेली असेल तर ती व्यक्ती कमी ऐकू येणारी, ७० असेल तर कर्णबधिर. वारंवार कान फुटल्याने ४० डेसिबलची घट झालेलं मूल या व्याख्येत बसत नाही. त्याला प्रमाणपत्र नाही, सवलत नाही. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ एवढा शेरा मात्र मिळू शकतो. हा मला फार मोठा अन्याय वाटतो.

श्रवणयंत्र दिलं की झालं, असं कुणी म्हणेल. पण यंत्र शिक्षकांच्या आवाजाबरोबर पावसाचा आवाजही वाढवतं. नव्या यंत्रांना गोंगाट थोडा वेगळा काढता येतो, तरी अंतरावर त्यांचा इलाज तोकडा पडतो. शिक्षकांच्या तोंडाजवळ लावलेला बिनतारी माइक जास्त उपयोगी. दुसरा आक्षेप असा की पुण्यात कर्णबधिर विद्यालयं आहेतच. ज्या मुलांची भाषाच खुणांची आहे, त्यांच्यासाठी ती वाट खुली राहायलाच हवी. योग्य भाषेतून आणि माध्यमातून शिक्षण द्यावं, असं हाच कायदा सांगतो. पण ४० डेसिबलसाठी सहा वर्षांच्या मुलाने घर का सोडायचं? आणि एक-दोघांसाठी खर्च कशाला, या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्गात आहे. सर्दीने कान दडलेली मुलं, मागच्या बाकावरची मुलं आणि घसा ताणणाऱ्या बाई, सगळ्यांनाच शांत छप्पर लागतं.

उपाय करताना एक सावधगिरी हवी. पत्र्याखाली थर्माकोल लावून भागत नाही. तो उष्णता अडवतो, ध्वनी फारसा शोषत नाही, शिवाय सहज पेट घेतो. पत्र्याची थरथर दाबणारा जड थर किंवा खाली पोकळी सोडून ध्वनिशोषक तंतूंचं छत लागतं आणि या भागातल्या ओलीत ते टिकायला हवं. नवं छप्पर घालतानाच अंदाजपत्रकात ही तरतूद केली, तर पुढे पुन्हा छत उघडावं लागत नाही.