यंत्र विकावे की यंत्राचे काम?

वस्तू विकून मोकळे न होता तिच्या वापराची आणि देखभालीची जबाबदारी उत्पादकानेच पुढे अनेक वर्षे वाहावी, या पद्धतीला व्यवस्थापनशास्त्रात ‘सर्व्हिटायझेशन’, म्हणजे सेवाकरण, असे म्हणतात. सँड्रा व्हँडरमर्व्ह आणि ह्वान राडा यांनी १९८८ मध्ये ही संज्ञा रूढ केली असली तरी व्यवहार त्याहून जुना आहे. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ मध्येच व्हायपर या जेट इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या दर तासामागे ठरावीक रकमेत देऊ केली होती आणि ही कंपनी पुढे रोल्स-रॉइसमध्ये सामील झाल्यावर तीच पद्धत तिथे रुजली. आज यंत्रावरचे सेन्सर इंटरनेटवरून सतत माहिती पाठवू लागल्यामुळे जमिनीवरच्या साध्या यंत्रांनाही ही वाट खुली झाली आहे.

हवा दाबून पुरवणारा कॉम्प्रेसर हे त्याचे चांगले उदाहरण. या यंत्राच्या खरेदीपेक्षा आयुष्यभराच्या विजेचा खर्च कितीतरी अधिक असतो आणि देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात तयार हवेपैकी २० ते ३० टक्के हवा नुसत्या गळतीत जाते. पिंपरी-भोसरीकडे गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शॉपवरची सगळी यंत्रे बंद असताना चालू राहिलेला कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी ‘लोड’ घेत असेल, तर पाइपच्या जोडांतून आणि कपलिंगांतून हवा निसटते आहे, हे त्या एका नोंदीवरून कळते. जर्मनीची केझर कंपनी तर कॉम्प्रेसर स्वतःच्या मालकीचा ठेवून ग्राहकाला दाबलेली हवा घनमीटरच्या दराने विकते, त्यामुळे यंत्र कार्यक्षम ठेवण्यात तिचाच फायदा असतो.

मात्र सेवा वाढली म्हणजे नफा वाढलाच, असे घडत नाही. गेबाउअर, फ्लाइश आणि फ्रीडली यांनी २००५ मध्ये ज्याला ‘सेवा-विरोधाभास’ म्हटले, तो हाच: सेन्सर, सर्व्हर आणि प्रशिक्षित माणसे यांचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो, उत्पन्न मात्र हप्त्याहप्त्याने येते, आणि यंत्राचा सौदा पक्का व्हावा म्हणून सेवा फुकटात देण्याची विक्री विभागाची जुनी सवय तेही पोखरते. फँग, पामाटिअर आणि स्टीनकँप यांच्या २००८ च्या अभ्यासात सेवांचा वाटा एकूण विक्रीच्या साधारण २० ते ३० टक्क्यांवर गेल्यानंतरच कंपनीच्या बाजारमूल्यावर ठळक अनुकूल परिणाम दिसला. म्हणजे अर्धवट उतरणाऱ्याच्या पदरी मुख्यतः खर्चच पडतो.

शिवाय वापरावर पैसे घेणाऱ्याला वापर थांबल्याची झळही सोसावी लागते. २०२० मध्ये विमाने जमिनीवर राहिली तेव्हा उड्डाणतासांवर बेतलेले रोल्स-रॉइसचे उत्पन्न आटले आणि कंपनीने किमान ९,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली.

या सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो तंत्रज्ञ. बेअरिंग तापत असल्याचा इशारा वेळेवर आला, पण सुटे भाग घेऊन जाणारा माणूस तीन दिवसांनी पोहोचला, तर त्या इशाऱ्याला काहीच किंमत उरत नाही. म्हणून अशी सेवा घेणाऱ्या आणि देणाऱ्या उद्योजकांनी इशाऱ्यानंतर किती तासांत कोण येणार आणि यंत्राच्या नोंदींवर मालकी कोणाची, या दोन गोष्टी करारात आधी लिहून घ्याव्यात, पडद्यावरचे आलेख नंतर पाहावेत.